पाहुण्यांच्या तंबूतली रजई

दिवाळी उलटली की आमच्या घरात कुणी हळू बोलत नसे, कारण बोललं तरी ऐकू आलं नसतं. पुढच्या खोलीत अब्बा रुई पिंजत बसलेले असायचे. आढ्याला दोरीनं टांगलेली त्यांची लांब कमान, तिच्यावर ताणलेली तात आणि त्या तातीवर पडणारा लाकडी दस्ता. टँव, टँव, टँव, आणि तात रुईच्या ढिगात शिरली की एक दबका धप्प. पहाटेच्या नमाजानंतर सुरू झालेला हा आवाज दुपारच्या जेवणाला थांबायचा, तेव्हा कानात एकदम पोकळी व्हायची आणि देऊळघाटच्या आमच्या गल्लीतल्या कोंबड्यासुद्धा स्पष्ट ऐकू यायच्या. घरभर रुईचे तंतू तरंगत असत. ते चुलीवरच्या डाळीवर सायीसारखे धरायचे, म्हणून अम्मी वाढण्याआधी पातेल्यावर फुंकर मारायची. त्या दिवसांत तुरीच्या शेंगा भरलेल्या असायच्या. त्यांचे ओले सोले, म्हणजे हिरवे दाणे, ठेचून, भरपूर लसूण घालून अम्मी जे कालवण करायची त्याच्यासोबत ज्वारीची गरम भाकर मी किती खात असे ते सांगायला आज लाज वाटते. अब्बा आमच्यासोबत जेवायला बसायचे ते भुवया पांढऱ्या घेऊनच. हिवाळाभर त्यांच्या भुवया तशाच असत. पुढे त्या खरोखर पांढऱ्या झाल्या, ते आम्हाला कितीतरी दिवस कळलंच नाही.

आम्ही पिंजारी. पंचक्रोशीतल्या लग्नांच्या गाद्या, बाळंतिणींच्या दुलया, म्हाताऱ्यांच्या रजया आमच्या घरातून जायच्या. अब्बा रुई भरायचे आणि अम्मी लांब सुईनं डोरे घालायची. तयार झालेल्या रजया गिऱ्हाईक येईपर्यंत भिंतीशी रचलेल्या असत, पार आढ्यापर्यंत. आणि त्यांच्याच पायथ्याशी आम्ही चार भावंडं एका जुन्या गोधडीत एकमेकांचे पाय ओढत झोपायचो. घरात आमची म्हणून एकही रजई नव्हती. एकदा माझ्या धाकट्या भावानं थंडीनं कुडकुडून वरची एक रजई हळूच ओढून घेतली. अब्बांनी त्याला मारलं नाही. उठवून बसवलं, रजई झटकली, घडी करून पुन्हा ढिगावर ठेवली आणि म्हणाले, "वो अपनी नई है." आपली नाही ती, गिऱ्हाईकाची. मग स्वतःच्या अंगावरची शाल त्याला दिली आणि तसेच बसून राहिले. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे. पुढे मला ज्या शब्दानं हाक मारली गेली तो शब्द कुठल्या घरातल्या मुलीला लावला गेला, हे वाचणाऱ्याला माहीत असावं.

गावातली शाळा सातवीपर्यंत झाली आणि अब्बांनी मला बुलडाण्याच्या मुलींच्या शाळेत घातलं. मराठी शाळेत. नातेवाईक कुरकुरले. अब्बा म्हणाले, "जहां की रुई, वहां की जबान." रोज एस.टी.नं जायचं, एस.टी.नं यायचं. तिथं नववीला आमच्या वर्गशिक्षिका होत्या पाठक बाई. लग्न होऊन पुण्याकडून आलेल्या, गोऱ्या, शिडशिडीत, चष्मा नाकाच्या टोकावर. मराठी त्या फार सुंदर शिकवायच्या, हे मी कधीही नाकारणार नाही. आम्ही 'मले' म्हटलं की त्या खडू खाली ठेवून 'मला' म्हणायच्या आणि आम्ही पुन्हा नीट म्हणेपर्यंत वर्ग थांबायचा. माझे उच्चार स्वच्छ आहेत असं त्या सगळ्यांसमोर सांगत. मी त्यांची लाडकी होते, हेही कबूल करते. माणूस आपल्याला आवडलेला असला की त्याचं वागणं जास्त लागतं.

त्या वर्षी शाळेचं हिवाळी शिबिर ठरलं. बोथ्याच्या जंगलाच्या कडेला, एका लहान तलावाच्या काठी, तंबूत चार दिवस. बाई शिबिरप्रमुख. आणायच्या सामानाची यादी फळ्यावर लिहिली गेली, त्यात 'उबदार पांघरूण' असं होतं. मी घरी येऊन यादी वाचून दाखवली. अब्बांनी ती दोनदा वाचायला लावली, मग काही न बोलता दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाईकाचं काम संपलं की संध्याकाळी माझ्यासाठी रुई पिंजायला बसले. चांगली, लांब धाग्याची, पहिल्या वेचणीची रुई. अम्मीनं स्वतःच्या पेटीतली मेंदी रंगाची छीट काढली, बारीक पांढऱ्या फुलांची, तिच्या लग्नात आलेली आणि कधी न शिवलेली. पाच संध्याकाळी लागल्या. डोरे घालताना अम्मी इतकी जवळजवळ घालत होती की अब्बा हसून म्हणाले, "रजई सी रही है के कुरता?" आमच्या घरातली ती पहिली आमची रजई. निघायच्या दिवशी अब्बांनी ती सुतळीनं बांधून माझ्या डोक्यावर ठेवली आणि स्टँडपर्यंत मागून चालत आले, जणू नवरी निघाली होती.

हल्ली आमच्याच डोंगरात तंबू ठोकून लोकांना थंडीचा आनंद विकतात. माझी नात मोबाईलवर त्याचे फोटो दाखवत होती. तंबूत पलंग, पलंगावर फुगीर पांढरी पांघरुणं, बाहेर दिव्यांच्या माळा. "आजी, तू गेली होतीस ना लहानपणी? मज्जा आली असेल!" मी तिला काय सांगणार? थंडी मजेची असते ती ज्याला हवं तेव्हा आत जाता येतं त्याला. आमचे तंबू कुठल्याशा गोदामातून आणलेले, जाड खाकी कापडाचे, खालच्या कडेला उंदरांनी कुरतडलेले. शिक्षकांचे तंबू वर, माळावर, झाडांच्या आडोशाला होते. मुलींचे खाली, तलावाच्या अगदी काठाला. बाईंच्या मते तिथून सूर्योदय छान दिसायचा. थंडी पाण्यासारखी उताराला जाऊन साचते, हे कोणत्याही गुराख्यानं सांगितलं असतं. पण विचारतो कोण? आत वाळलेलं गवत, वर सतरंजी. एका तंबूत सहा जणी.

माझ्या शेजारी कमल होती. मोताळ्याकडच्या एका खेड्यातली, शिक्षणासाठी बुलडाण्याला मामाकडे राहणारी. तिच्या सामानात एक पातळ चादर होती, तीही मामीनं दिलेली. बारीक अंगाची, हसरी मुलगी, पण थंडीत तिची छाती भरायची आणि श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज यायचा. पहिल्या रात्री मी रजईची सुतळी सोडली आणि तिला म्हटलं, ये आत. ती आधी लाजली, मग शिरली. थोड्या वेळानं पलीकडची शशीसुद्धा सरकली. रजई एकीची होती, मावलो तिघी. कमल नाकापर्यंत रजई ओढून म्हणाली, "तुह्या बापानं अशी भरली वं, जशी भाकरच फुगली." आम्ही हसत हसत झोपलो. पहाटे उठलो तेव्हा तंबूच्या कापडावर दहिवर थेंबाथेंबानं लोंबत होतं, बाहेरचं गवत पांढरं पडलं होतं आणि बादलीतल्या पाण्यात हात घातला की बोटं आपली वाटत नव्हती. पण कमलच्या छातीतून आवाज येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं की जिल्ह्याच्या कुठल्याशा खात्याचे मोठे साहेब शिबिर पाहायला येणार आहेत आणि मुक्काम करणार आहेत. शिक्षकांची एकच धांदल उडाली. माळावर नवा तंबू लागला, फॉरेस्टच्या चौकीतून खाट आली, दारासमोर चुन्याच्या रेघा ओढल्या गेल्या. त्या रेघा आम्हीच ओढल्या. मग बाई दुसऱ्या एका शिक्षिकेला घेऊन आमच्या तंबूतंबूत फिरू लागल्या. आमच्या तंबूत वाकून शिरल्या आणि त्यांची नजर थेट माझ्या अंथरुणावर गेली.

"ही कुणाची?"

"माझी, बाई."

त्यांनी रजई हातानं दाबून पाहिली, उलटी करून डोरे पाहिले. "छान आहे गं! अगदी नवी दिसते."

"अब्बांनी शिबिरासाठीच केली, बाई."

"साहेबांसाठी लागेल आजची रात्र. उद्या सकाळी परत मिळेल. तुला मी सतरंजी पाठवते एक."

'नाही' हा शब्द शिक्षकांना म्हणायचा असतो हेच माहीत नव्हतं. पण कमलकडे नजर गेली आणि मी धीर केला. "बाई, आम्ही तिघी त्यातच झोपतो. कमलला दमा आहे."

बाई हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "एका रात्रीचा प्रश्न आहे, रशीदा. शिबिराला आपण कशासाठी आलोय? थोडा त्याग शिकायला नको?"

त्यागाचं शिक्षण देणारी माणसं मी पुढे आयुष्यभर पाहिली. त्यांच्या अंगावर नेहमी स्वेटर असतो.

रजई उचलून त्या तंबूबाहेर पडल्या. बाहेर दुसऱ्या शिक्षिकेनं दबक्या आवाजात काहीतरी विचारलं, ते मला ऐकू आलं नाही. बाईंचं उत्तर मात्र ऐकू आलं, कारण कापडाच्या भिंतींना कान असतात. "हो, ते आहेच. पण वरून-खालून आपली धुतलेली चादर घालू, म्हणजे झालं." शशीला त्याचा अर्थ कळला नाही. मला कळला. चौदा वर्षांच्या मुलीला तो समजावून सांगावा लागत नाही. माझ्या बापाच्या हातची ऊब साहेबाला चालणार होती, फक्त त्या रजईला आमचं अंग लागलेलं चालणार नव्हतं.

साहेब दिवस मावळताना आले. माणूस वाईट नव्हता. आमच्या कवायतीला टाळ्या वाजवल्या, शेकोटीजवळ दोन विनोद सांगितले, पिठलं-भाकर आवडीनं खाल्ली, वांग्याची भाजी दोनदा मागून घेतली. आम्हा मुलींना नऊ वाजता तंबूत पाठवलं. येणार म्हटलेली सतरंजी आली नाही. त्या रात्रीबद्दल मी फार लिहिणार नाही. आम्ही दोघींनी कमलला मध्ये घेतलं, तिच्या चादरीवर आमचे परकर, पोलकी, टॉवेल, जे होतं ते सगळं घातलं. गवत उपसून पायांवर ओढलं. तिच्या छातीतली शिट्टी आधी बारीक होती, मग जाड झाली, मग तिला आडवं पडताच येईना. शशी शिक्षकांना सांगायला वर गेली तर तिला सांगण्यात आलं की कमलला बसवून ठेवा, गरम पाणी सकाळी मिळेल.

उजाडायला लागलं तशी मी तिला धरून चुलीकडे नेलं. स्वयंपाकाला बोथ्याहून एक बाई येत, गंगामावशी. त्यांनी चूल पेटवली होती. कमलचे ओठ पाहून त्यांनी हातातलं लाकूड खाली टाकलं. "अवो माय! हे पोर तं निळं पडलं." तिला जाळाजवळ बसवून त्यांनी तिचे तळवे चोळायला सुरुवात केली. "हिच्या अंगावर काहीच नाही काऊन वं?"

मी म्हटलं, "रजई साहेबांना दिली, मावशी."

"कोण्या साहेबाले?"

"काल आले ते. वरच्या तंबूत झोपलेत."

गंगामावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "ते कुठी झोपले, बाई? ते तं जेवले, हात धुतले, थंडी लय हाय म्हणे, अन् जिपीत बसून गेले. मीच पान लावून देल्लं त्याइले. तंबू तसाच रिकामा पडला हाय."

साहेबांनी ती रजई पांघरली असती तर मी कदाचित विसरून गेले असते. एका माणसाला तरी ऊब मिळाली, म्हटलं असतं. पण ती रात्रभर कुणाच्याच अंगावर नव्हती. आमच्यापासून शंभर पावलांवर एका रिकाम्या खाटेवर, दोन धुतलेल्या चादरींच्या मध्ये, ती पडून होती. साहेब गेले हे बाईंना माहीत होतं. सगळ्या शिक्षकांना माहीत होतं. आमची शशी वर गेली तेव्हाही माहीत होतं. कुणाच्याही मनात आलं नाही की ती उचलावी आणि खाली द्यावी. दुष्टपणा नव्हता तो. त्यांना आम्ही आठवलोच नाही. दुष्टपणाशी भांडता तरी येतं.

मी चढ चढून गेले. पाहुण्यांच्या तंबूत तांब्यावर पालथं भांडं होतं, पेल्यात दोन झेंडूची फुलं होती. मी वरची चादर बाजूला केली, रजई काढली आणि चादरीची घडी घालून खाटेवर ठेवली. घडी नीट घातली हे मला पक्कं आठवतं. बाहेर आले तर मैदानात झेंडावंदनासाठी रांगा लागत होत्या.

"रशीदा! थांब. काय नेते आहेस?"

"रजई, बाई."

"कुणाला विचारून?"

मी थांबले नाही. आयुष्यात पहिल्यांदा शिक्षकाचं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चुलीपाशी जाऊन ती कमलभोवती गुंडाळली. मागोमाग बाई आल्या आणि त्यांच्या मागे अर्धी रांग. बाईंनी कमलकडे पाहिलं असेल, मी नाही म्हणत नाही. पण बोलल्या त्या माझ्याशी. "पाहुण्यांच्या तंबूतून न विचारता वस्तू उचलणं, याला चोरी म्हणतात. ती परत ठेव आणि सगळ्यांसमोर माफी माग."

"माझी रजई आहे, बाई."

"काल तू ती शिबिराला दिलीस."

"तुम्ही नेली."

गंगामावशी चुलीकडे तोंड करून म्हणाल्या, "पोरगी मरून राह्यली अन् हे झेंडा लावून राह्यले." पण ते त्यांनी विस्तवाला सांगितलं.

मी माफी मागितली नाही. मला मैदानाच्या कडेला एका दगडावर बसवण्यात आलं आणि चौकीतल्या माणसासोबत देऊळघाटला निरोप गेला. 'तुमच्या मुलीला चोरी करताना पकडलं आहे, घेऊन जा.' असाच, याच शब्दांत. बाईंनी तो चिठ्ठीवर लिहून दिला, शुद्ध मराठीत. कमलला दवाखान्यात न्यायचं का, यावर शिक्षकांची चर्चा झाली आणि ठरलं की उद्या सामानाची गाडी येईल तेव्हा न्यायचं. तोवर वाफारा द्यावा. मी दगडावर बसून होते. ऊन चढलं, गवतावरचं दहिवर सुकलं, मुलींनी गाठी मारायचे प्रकार शिकून घेतले. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मी रडले नाही. आत जे होतं त्याला पाणी म्हणत नाहीत.

अब्बा दुपारी आले. गिऱ्हाईकाच्या दारातून उठून आले असावेत, कारण दाढीत रुई होती आणि खांद्यावर कमान तशीच होती. एवढी लांब कमान घेऊन ते एस.टी.त कसे चढले असतील? त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सरळ बाईंसमोर जाऊन उभे राहिले. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना 'चोरी' हा शब्द तीनदा आला.

"रजई कोणाची व्हती, बाई?" अब्बांनी विचारलं.

"प्रश्न रजई कुणाची हा नाही. प्रश्न शिस्तीचा आहे."

"अन् ते बिमार पोरगी कुठं हाय?"

"ती आहे चुलीपाशी. तिची काळजी आम्ही घेतोय."

अब्बांनी मान वळवून चुलीकडे पाहिलं. मग कमान खाली ठेवली, दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "चुकी झाली, बाई. लेकराले माफ करा. मी दोघीइले घेऊन जातो, तिच्या मामाकडे पोचवतो."

माझ्या अंगाची आग झाली. रात्रीच्या थंडीनं नाही, बाईंच्या शब्दानं नाही, तेवढं त्या जोडलेल्या हातांनी मला त्या क्षणी दुखवलं. ज्या हातांनी रजई भरली तेच हात. मी दगडावरून उठून ओरडणार होते, पण अब्बांनी न बघताच मला बोटानं गप्प राहायची खूण केली.

बाईंचा चेहरा निवळला. माफी मिळाली की मोठ्या माणसांना लगेच बरं वाटतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे, ठीक आहे. मुलगी हुशार आहे तुमची, फक्त उद्धट होऊ देऊ नका." आणि मग, अगदी घरगुती सुरात, "ती रजई तुम्हीच केलीत ना? हात फार चांगला आहे हो तुमचा. मला एक करून द्या अशीच, दुहेरी. संक्रांतीच्या आत मिळाली तर बरं."

अब्बांनी कमान उचलून खांद्यावर घेतली. "नाही व्हणार, बाई."

"का? रुई नाही का मिळत यंदा?"

"रुई लय हाय, बाई. घरात पाय ठेवाले जागा नाही," अब्बा म्हणाले, आणि चुलीकडे चालू लागले.

त्यांनी गिऱ्हाईकाला 'नाही' म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. बाईंना त्याचा अर्थ लागला की नाही, देव जाणे. त्यांनी चष्मा काढून पुसला एवढं मी पाहिलं.

अब्बांनी कमलला रजईसकट उचललं. कमान माझ्या खांद्यावर आली. गंगामावशींनी कढत चहाची किटली दिली आणि आमच्यासोबत सडकेपर्यंत आल्या. खामगावकडून येणारी एस.टी. हात करून थांबवली. बुलडाण्याला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी कमलला सुई दिली, नळी लावली आणि अब्बांनाच बाप समजून चांगलं फैलावर घेतलं. "आणखी एक रात्र बाहेर काढली असती तर माझ्याकडे आणायची गरज पडली नसती. काय माणसं आहात तुम्ही!" अब्बांनी तेही ऐकून घेतलं. मामाला निरोप पाठवला, तो येईपर्यंत बसले आणि निघताना रजई कमलच्या अंगावरच राहू दिली. मी तिच्याकडे वळून पाहिलं तर म्हणाले, "छोड. सर्दी अभी बाकी है."

परतीच्या एस.टी.त मी त्यांच्याशी बोलत नव्हते. देऊळघाटचा फाटा दिसला तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. "अब्बा, माफी क्यूं मांगी? मैंने चोरी की थी क्या?"

ते खिडकीतून बाहेर पाहत होते. म्हणाले, "माफी में टाइम कम लगता है, बेटा. लडने बैठता तो शाम की गाडी निकल जाती. वो लडकी के पास एक और रात नई थी."

मला ते तेव्हा पटलं नाही. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयापेक्षा कितीतरी मोठी आहे, स्वतः शाळेत शिकवून निवृत्त झाले आहे, आणि खरं सांगायचं तर अजूनही अर्धंच पटलं आहे. त्यांनी केलं ते बरोबर होतं. पण एका मुलीचा जीव वाचवायला एका निरपराध माणसाला हात जोडावे लागावेत, ही जी व्यवस्था आहे तिला मी बरोबर म्हणणार नाही. वय झालं की राग निवतो म्हणतात. ज्यांना कधी नीट आलाच नाही त्यांचा निवत असेल.

शाळा सोडायची नाही, असं अब्बांनी घरी आल्याबरोबर बजावलं, म्हणून सुट्टी संपताच मी गेले. शिबिराचं प्रमाणपत्र सगळ्या मुलींना मिळालं, मला नाही. त्याचं दुःख नव्हतं. पण त्या दिवशी हजेरी घेताना बाईंनी माझ्या आधीचं नाव घेतलं आणि माझ्या नंतरचं घेतलं. मला वाटलं चुकून राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी पहिल्या बाकावर, त्यांच्या पदराच्या वाऱ्यात बसलेली, आणि हजेरीपटावर मी नव्हते. मी उठून "बाई, मी आहे" म्हटलं तर त्या फळ्याकडे वळल्या. असे बारा दिवस गेले. घरी मी काही सांगितलं नाही. अब्बा रात्री विचारायचे, "आज क्या पढाया?" आणि मी त्यांना पाठ सांगायचे.

तेराव्या दिवशी कमल आली. वाळून काडी झालेली, गळ्याभोवती मफलर. माझ्या शेजारी बसली आणि नुसता माझा हात दाबला. बाई आल्या, हजेरीपट उघडला, नावं सुरू झाली. माझं नाव सोडून पुढचं घेतलं गेलं, ती मुलगी 'हजर' म्हणाली. त्यापुढचं नाव कमलचं होतं. कमल उभी राहिली, पण 'हजर' म्हणाली नाही.

"बाई, एक नाव राह्यलं."

"राह्यलं नाही. राहिलं," बाई सवयीनं म्हणाल्या.

"हो, बाई. राहिलं. रशीदाचं."

बाईंनी पुढचं नाव घेतलं, शशीचं. शशी उभी राहिली आणि तीही 'हजर' म्हणाली नाही. त्यापुढचं नाव घेतलं. ती मुलगी आमच्या तंबूतली नव्हती, माझ्याशी कधी बोलतही नसे. ती उभी राहिली, खाली पाहत राहिली आणि बोलली नाही. तिघी उभ्या होत्या. बाहेर कुणीतरी तासाची घंटा पुसत होतं, तिचा बारीक किणकिणाट येत होता.

मग बाईंनी दौतीत टाक बुडवला आणि पटावर वाकूनच म्हणाल्या, "रशीदा शेख."

मी उठले नाही.

"रशीदा शेख," पुन्हा, जरा मोठ्यानं.

मी बाकावर हात ठेवून बसून होते. कमलनं माझ्याकडे पाहिलं. पण मी ठरवलं होतं, आणि त्या वयात ठरवलेलं किती घट्ट असतं ते आता मला पुन्हा जमणार नाही.

तिसऱ्यांदा नाव घेताना बाईंना मान वर करावी लागली. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यात. तेव्हा मी उभी राहिले आणि म्हणाले,

"हजर, बाई."